शेजाऱ्यावर प्रीती प्रत्यक्षात कशी करायची: भेट, पैसा, क्षमा आणि मर्यादा

प्रश्न असा आहे: "ख्रिस्तावर माझा विश्वास आहे. उपासनेला जातो, प्रार्थना करतो. पण लोकांविषयी मनात प्रेम दाटून येत नाही. मदतीला गेलो की काहीतरी चुकतं, नाहीतर समोरचा गैरफायदा घेतो, आणि शेवटी थकतो मीच. इतरांवर प्रीती करणं हे विश्वासाचं फळ असेल, तर रोजच्या जगण्यात ते नेमकं करायचं कसं?"

यात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. प्रेम वाटणं ही एक आणि प्रीती करणं ही दुसरी. पवित्र शास्त्र आज्ञा देतं ती दुसऱ्या गोष्टीची. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 13 व्या अध्यायात, 4 ते 7 या वचनांत, ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल प्रीतीचं वर्णन करतो. मूळ ग्रीकमध्ये तिथे प्रीतीला एकही विशेषण लावलेलं नाही, सलग 15 क्रियापदं आहेत. मराठीत आपण 'सहनशील आहे, परोपकारी आहे' असं वाचतो, म्हणून तो स्वभावाचा गुण वाटतो, आणि तो स्वभाव आपला नाही असं म्हणून माणूस मोकळा होतो. पौल मात्र प्रीती काय करते आणि काय करत नाही एवढंच सांगतो: धीर धरते, भलं करते, हेवा करत नाही, चिडत नाही, वाइटाचा हिशेब ठेवत नाही. मनात उमाळा नसतानाही यातलं प्रत्येक काम करता येतं. उमाळा पुष्कळदा मागून येतो. कधी येतच नाही, तरी केलेलं काम खोटं ठरत नाही.

'आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' ही आज्ञा मुळात कुठे आहे तेही पाहा. ती जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात, 18 व्या वचनात आहे, आणि तिच्या आजूबाजूला काय आहे? शेताच्या कडेचं पीक गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडा. मजुराची मजुरी रात्रभर स्वतःजवळ ठेवू नका. बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नका. न्याय करताना गरिबाची बाजू गरीब म्हणून घेऊ नका आणि बड्याची बडा म्हणून घेऊ नका. अध्यायाच्या शेवटी खरं माप आणि खरं वजन आहे. म्हणजे प्रीतीची पहिली परीक्षा भेटी देण्यात किंवा दानधर्मात होत नाही. तुमच्याकडे काम करणाऱ्या माणसाचा पगार वेळेवर जातो का, इथे ती होते. पगार थकवून दानपेटीत पैसे टाकणाऱ्याने आधी पगार द्यावा.

आता क्रमाची गोष्ट. योहानाच्या पहिल्या पत्रात, 4 थ्या अध्यायाच्या 19 व्या वचनात, आपण प्रीती करतो कारण त्याने आधी आपल्यावर केली, असं आहे. हा क्रम उलटा झाला की सगळं बिघडतं. देवाच्या नजरेत चांगलं ठरावं म्हणून जो मदत करतो, त्याला समोरच्या माणसाची गरज नसते, त्याच्या गरजेची गरज असते. त्याची लक्षणं ठरलेली आहेत: आभार मानले नाहीत तर राग येतो, समोरचा स्वतःच्या पायावर उभा राहू लागला की उगाच खट्टू व्हायला होतं, आणि 'मी एवढं केलं' हे वाक्य महिन्यातून दोनदा तोंडी येतं. लूकच्या 17 व्या अध्यायात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो आणि परत येतो एकच. येशू बाकीच्या नऊ जणांची चौकशी करतो, पण त्यांचं बरेपण काढून घेत नाही. मदतीला अट नसावी म्हणजे काय, ते इथे दिसतं. उपासनेला यायला हवं, प्रार्थना म्हणायला हवी, आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) सामील व्हायला हवं, अशी अट उघड घालू नका आणि नजरेतूनही सुचवू नका. विश्वासाविषयी विचारलं तर मोकळेपणाने बोला. तांदळाची पिशवी हातात धरून मात्र बोलू नका, कारण त्या क्षणी समोरच्याला नाही म्हणायची सोय नसते.

चांगल्या शोमरोन्याचा दाखला (लूक 10) सगळ्यांना पाठ असतो, पण कामाची पद्धत म्हणून तो फार थोडे जण वाचतात. यरुशलेमेहून यरीहोला जाणारी ती वाट साधारण 27 किलोमीटरची, जवळजवळ 1000 मीटर खाली उतरणारी आणि लुटारूंच्या भीतीची. लुटारूंनी मारून टाकून दिलेला एक माणूस तिथे पडला आहे. शोमरोनी, म्हणजे यहुद्यांना परका वाटणारा शोमरोनचा माणूस, काय करतो ते क्रमाने पाहा. पाहतो. कळवळतो. जवळ जातो. तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधतो, म्हणजे जवळ होतं ते वापरतो. स्वतःच्या जनावरावर त्याला बसवतो, म्हणजे उरलेली वाट स्वतः पायी चालतो. उतारशाळेत आणतो आणि ती रात्र त्याची काळजी घेतो. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या माणसाला दोन दिनार देतो. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. जास्त लागलं तर परत येताना देईन असं सांगतो आणि आपल्या कामाला निघून जातो.

शेवटचं पाऊल लोकांच्या नजरेतून निसटतं. तो तिथे आठवडाभर मुक्काम ठोकत नाही. ज्याचं काम लोकांना ठेवून घेण्याचं आहे, त्याच्याकडे जखमीला सोपवतो, खर्चाची सोय करतो, परत यायचं कबूल करतो. मदत करणारे थकतात त्याचं मोठं कारण हेच, की उतारशाळा शोधायची असते हे त्यांच्या ध्यानात नसतं. दारूचं व्यसन, खोल नैराश्य, कोर्टकचेरी, दुर्धर आजार यांत तुमचं काम पहिली पट्टी बांधण्याचं, योग्य दारापर्यंत सोबत जाण्याचं आणि पुन्हा चौकशी करण्याचं आहे. स्वतःच डॉक्टर, वकील आणि समुपदेशक होऊ पाहणं ही प्रीती नव्हे, समोरच्याचं त्यात नुकसान होतं.

दुसरं शिकायचं ते बार्तीमयाच्या गोष्टीतून (मार्क 10). आंधळा माणूस ओरडून दया मागतो आहे, त्याला काय हवं ते सगळ्या गर्दीला दिसतं आहे, तरी येशू विचारतो: मी तुझ्यासाठी काय करावं असं तुला वाटतं? विचारल्याशिवाय केलेली मदत बहुधा देणाऱ्याच्या सोयीची निघते. विचारायचीही रीत आहे. 'काही लागलं तर सांगा' हे वाक्य टाळा. बोलणाऱ्याला ते हलकं करतं आणि सगळा भार संकटातल्या माणसावर टाकतं: काय लागतंय ते त्यानेच शोधायचं, मागायचं आणि संकोचही त्यानेच सोसायचा. त्याऐवजी दोन ठोस गोष्टी पुढे ठेवा. 'मंगळवारी संध्याकाळी दोन तास मुलांना सांभाळू, की दवाखान्याच्या रांगेत तुमच्या बदली उभा राहू?' यातली एक निवडणं सोपं असतं आणि 'दोन्ही नको' म्हणणंही सोपं असतं. नको म्हटलं तर मान ठेवा आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा विचारा.

आजाऱ्याच्या भेटीत सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून इथे थोडं थांबतो. आधी कळवून जा आणि 'आज नको' असं कळवायची मोकळीक द्या. तुम्हाला स्वतःला सर्दी-ताप असेल तर जाऊ नका. इस्पितळात 10 ते 15 मिनिटं पुरेत, घरी फार तर अर्धा तास. उभं राहू नका. खुर्ची ओढून आजाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा, नाहीतर त्याला मान वर करून बोलावं लागतं आणि तुम्ही निघायच्या घाईत आहात असं वाटतं. पलंगावर न विचारता बसू नका. आजाराची माहिती खोदून काढू नका, तो सांगेल तेवढं ऐका. दुसऱ्या कुणाला हाच आजार होता आणि त्याचं काय झालं, हे अजिबात काढू नका. औषध बदलायचा सल्ला देऊ नका. आणि 'विश्वास असेल तर औषधाची गरज नाही' असं तर कधीच बोलू नका. त्याने जीव जातो. प्रार्थना करू का, असं विचारा. हो म्हटलं तर आधी 'कशासाठी करू?' हेही विचारा. कुणाला बरं व्हायचं असतं, कुणाला आज रात्री झोप हवी असते, कुणाला दुरावलेल्या मुलाची काळजी असते. एक-दोन मिनिटांची, साध्या शब्दांतली प्रार्थना करा. प्रार्थनेत उपदेश घुसडू नका, कारण डोळे मिटलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. निघताना आजाऱ्याची सेवा करणाऱ्या घरच्या माणसाशी दोन मिनिटं बोला. त्याची विचारपूस कुणीच करत नाही, आणि बऱ्याचदा खरी मदत त्यालाच हवी असते.

दुःखाच्या घरी शब्द आणखी कमी. मुलंबाळं आणि सगळं काही गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले. तोवर सगळं ठीक होतं, बोलायला लागले आणि बिघडलं. 'देवाची इच्छा होती', 'देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात', 'तुमच्यापेक्षा जास्त सोसलेली माणसं आहेत' ही तीन वाक्यं घरीच ठेवून जा. 'फार वाईट झालं. मी आहे इथे.' एवढं पुरतं. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायला घाबरू नका, नाव ऐकून घरच्यांना बरं वाटतं. पहिल्या आठवड्यात घर भरलेलं असतं आणि महिन्याभराने रिकामं होतं, तुमचं खरं काम तेव्हा सुरू होतं. मृत्यूची तारीख आणि गेलेल्याचा वाढदिवस लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्या दिवशी फोन करा.

पैशाकडे येऊ. इथे भाबडेपणा आणि संशय दोन्ही महागात पडतात. पहिल्या पिढ्यांतल्या ख्रिस्ती लोकांनी यावर पुष्कळ विचार केला होता. जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक साधारण 155 साली लिहितो, की रविवारच्या उपासनेत ज्याची इच्छा असेल त्याने आपल्या मर्जीने द्यावं, ते अध्यक्षाकडे जमा व्हावं आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावचे यांना मदत व्हावी. साधारण 197 साली टर्टुलियन हा दुसरा ख्रिस्ती लेखक अशाच निधीच्या खर्चात गरिबांचं दफन, म्हातारे झालेले गुलाम आणि जहाज फुटलेले लोकही मोजतो. अरिस्टायडीस हा तिसरा लेखक दुसऱ्या शतकातच सांगतो, की शिल्लक काही नसेल तर ख्रिस्ती लोक दोन-तीन दिवस उपास करून ते अन्न गरजवंताला देतात. आणि 'दिदाखे' या जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेचा नियम तर फारच व्यवहारी आहे: वाटसरूला ठेवून घ्या, दोन-तीन दिवस मदत करा. राहायचंच असेल तर त्याने काम करून खावं, हुन्नर नसेल तर त्याची सोय कशी लावायची ते तुम्ही ठरवा. दार उघडं ठेवायचं आणि मुदतही ठरवायची, दोन्ही एकाच नियमात बसवलं आहे.

गलतीकरांस पत्राच्या 6 व्या अध्यायात दोन वाक्यं एकमेकांविरुद्ध वाटतात. 2 ऱ्या वचनात एकमेकांची ओझी वाहा, 5 व्या वचनात ज्याने त्याने आपला भार वाहावा. ग्रीकमध्ये शब्द वेगळे आहेत. पहिला, बारोस, चिरडून टाकणाऱ्या वजनासाठी वापरता येतो. दुसरा, फोर्तिओन, प्रत्येकाने उचलायच्या बोज्यासाठी. हा भेद मला पैशाच्या बाबतीत सगळ्यात उपयोगी वाटतो. अपघात, अचानक गेलेली नोकरी, घरातला मृत्यू हे चिरडणारं वजन आहे. तिथे लगेच आणि हात राखून न ठेवता मदत करा. दर महिन्याचा घरखर्च हा रोजचा बोजा आहे. तो तुम्ही कायमचा उचललात तर माणसाच्या खांद्यातली ताकद जाते आणि तुमच्यातलं नातं मालक-आश्रिताचं होतं. तिथे काम शोधायला, हिशेब मांडायला, शिकायला हात द्या. म्हातारपण, अपंगत्व, लहान मुलं यांत मात्र रोजचा बोजाच चिरडणारा असतो. त्याला मुदत लावू नका.

देताना ठरवून द्या: ही भेट आहे की उसने? उसने दिलेलं परत आलं नाही तर माणूस तोंड चुकवू लागतो, उपासनेला यायचा बंद होतो, म्हणजे पैशासोबत माणूसही जातो. परत न आलं तरी चालेल एवढीच रक्कम द्या आणि मनात ती भेट म्हणूनच धरा. आपल्या ऐपतीपलीकडची रक्कम मागितली तर 'एवढी जमणार नाही, इतकी जमेल' असं त्याच दिवशी स्पष्ट सांगा. टोलवाटोलवी नकारापेक्षा जास्त दुखावते. शाळेची फी, दवाखान्याचं बिल, भाडं शक्य तिथे थेट भरा, पण त्या माणसाला विचारून आणि त्याच्या नावाने. रोख दिली तर कशावर खर्च केली याची रोज चौकशी करू नका. आणि कुणाला किती दिलं हे उपासनेत, फोटोत किंवा ग्रुपवर कधीही सांगू नका. उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, ही मत्तय 6:3 मधली गोष्ट घेणाऱ्याची अब्रूही राखते.

मंडळीचा निधी एकट्याच्या हाती नसावा. यहूदियातल्या गरिबांसाठी जमवलेली रक्कम न्यायला पौल आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी दोन बंधूंना पाठवतो आणि कारणही देतो: कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये (2 करिंथ 8:16-23). दोन सह्या, नोंदवही, वर्षातून एकदा बाहेरच्या माणसाकडून तपासणी. कोरडं वाटतं, पण याच्याशिवाय चाललेला दानधर्म उशिरा-लवकर ओळखीपाळखीचा होतो. तसं पहिल्याच मंडळीत घडलं होतं. प्रेषितांची कृत्ये 6 मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपातून सुटू लागल्या. प्रेषितांनी उपदेश करून वाद मिटवला नाही. सात जणांची निवड करायला सांगितलं, आणि सातही नावं ग्रीक आहेत. वगळल्या गेलेल्यांच्या बाजूचे लोक वाटपावर आले. तुमच्या मदतीतून कोण सुटतंय हे पाहायचं असेल तर यादी कोण करतं ते पाहा.

आता नावडत्या माणसाविषयी, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ बहुधा तिथे आहे. शत्रूवर प्रीती करा या आज्ञेत तो आवडला पाहिजे असं नाही. मत्तय 5:44 मध्ये त्याच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं आहे, रोमकरांस 12:20 मध्ये भुकेला असेल तर खायला द्यायला. सुरुवात नाव घेऊन करा. रोज एक मिनिट, त्याच्यासाठी एक खरी, चांगली गोष्ट मागा: त्याची तब्येत, त्याच्या मुलाचं काम. 'त्याला सद्बुद्धी दे' ही प्रार्थना नव्हे, तक्रार आहे. त्याच्याविषयी तिसऱ्याकडे बोलणं बंद करा. राग शांत न होण्याचं सगळ्यात मोठं कारण रोजची उजळणी असते.

चूक तुमची असेल तर मत्तय 5:23-24 प्रमाणे अर्पण वेदीजवळ ठेवून आधी त्या माणसाकडे जा. माफी मागताना काय केलं ते नेमकं म्हणा ('परवा सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडलो'), 'पण' शब्द वापरू नका, झालेलं नुकसान कसं भरून द्याल ते सांगा आणि लगेच क्षमेची अपेक्षा धरू नका. चूक समोरच्याची असेल तर मत्तय 18:15-17 मधला क्रम पाळा: आधी एकट्याला एकांतात, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. बहुतेक जण हा क्रम उलट्या टोकाने धरतात.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. घरात मारहाण होत असेल, लैंगिक अत्याचार असेल, लहान मूल धोक्यात असेल, तर हा एकांतात भेटण्याचा क्रम तिथे लावू नका आणि पीडिताला 'क्षमा कर आणि परत जा' असं सांगू नका. क्षमा म्हणजे सूड सोडून देणं. विश्वास पुन्हा बसणं ही वेगळी गोष्ट आहे, ती वागण्यातून आणि काळाने कमवावी लागते, आणि कधी कधी बसूच नये. आधी सुरक्षित जागा, मग कायदा, मग बाकीचं. मूल धोक्यात असेल तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका. अत्याचार करणाऱ्याला थांबवणं ही त्याच्यावरचीही प्रीती आहे, कारण त्याला पापात मोकळं सोडणं त्याच्या भल्याचं नाही.

थकव्याबद्दल. मार्कच्या पहिल्या अध्यायात सगळे लोक शोधत असताना येशू पहाटे एकांतात जातो, आणि शिष्य बोलवायला येतात तेव्हा त्याच गावात परत न जाता दुसऱ्या गावांकडे निघतो. मागे राहिलेल्यांच्या गरजा खऱ्याच होत्या. निर्गमच्या 18 व्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकट्याने न्याय करताना पाहतो आणि स्पष्ट म्हणतो की तू झिजून जाशील, हे लोकही झिजतील. उपाय म्हणून हजार, शंभर, पन्नास आणि दहा जणांवर माणसं नेमायला सांगतो. नोकरी-घर सांभाळणाऱ्या माणसाला एका वेळी दोन किंवा तीन घरांची खोलवर काळजी घेता येते. चौथं आलं तर मंडळीतल्या दुसऱ्या कुणाकडे सोपवा. कठीण भेटीला जोडीने जा, आणि आठवड्यातला एक दिवस फोन बाजूला ठेवा. घरच्यांचा वेळ कापून ही सेवा करू नका. 1 तीमथ्य 5:8 मध्ये घरच्यांची तरतूद न करणाऱ्याविषयी पौल जितकं कडक लिहितो, तितकं तो क्वचितच लिहितो.

सुरुवात या आठवड्यात अशी करा. एका कार्डावर तीन नावं लिहा: एक घरातलं, एक गरजेतलं, एक नावडतं. घरातल्याला रोज दहा मिनिटं, फोन दूर ठेवून, मध्ये न तोडता ऐका. गरजेतल्या माणसाला दोन ठोस पर्याय विचारा आणि कबूल केलेली वेळ पाळा. नावडत्यासाठी रोजचं एक मिनिट. सहा आठवडे नावं बदलू नका. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कंटाळा येईल, काहीच घडत नाही असं वाटेल, आणि बहुतेक जण तिथेच नवीन नावं शोधू लागतात. तेव्हा नावं तीच ठेवा आणि काम हवं तर निम्मं करा. सहा आठवड्यांनी तिघांपैकी ज्याच्याशी मोकळं बोलता येतं त्याला विचारा, यातलं काय उपयोगी पडलं आणि काय नकोसं झालं. तो जे सांगेल ते त्याच कार्डाच्या मागे लिहा आणि पुढचे सहा आठवडे त्याप्रमाणे आखा.